लाल पाण्याची साक्ष

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, मागची मंडळी भिंतीला पाठ लावून उभी होती आणि उशिरा आलेले खिडक्यांतून माना आत घालून बघत होते. सगळ्यांचे डोळे लागले होते व्यासपीठावरच्या एका काचेच्या पात्राकडे. पात्र चांगलं मोठं, आत नितळ पाणी, खाली पांढरीशुभ्र चादर. पाण्यात काही लपवलेलं नाही हे आंधळ्यालाही दिसावं, असा सगळा थाट होता. आणि काही लपवलेलं नाही असं कुणी इतकं मुद्दाम दाखवायला लागलं की जरा जास्त निरखून बघावं, ही साधी गोष्ट त्या भरल्या हॉलमध्ये एकालाही सुचली नाही.

पात्रामागे निर्मळबाबा बसले होते. पांढरा लांब सदरा, पांढरी दाढी, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला आपल्याच आवाजाची लाज वाटावी.

"देणं सोपं आहे हो," बाबा म्हणाले. "द्यायला काय लागतं? हात लागतो. पण तो हात कसा आहे? हात मळका, तर दान मळकं. मळक्या हातानं दिलेलं ब्लँकेट पांघरलं की गरिबाला थंडी दुप्पट वाजते! हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं."

कुठलं शास्त्र, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. लोकांनी आपापले हात बघितले आणि हळूच मांडीखाली सरकवले.

पहिल्या आल्या मॅनेजरीणबाई, म्हणजे बँकेच्या मॅनेजरसाहेबांच्या पत्नी. बाबांच्या लांबोडक्या सेवकानं खांद्यावरच्या ओल्या रुमालानं त्यांचे हात पुसले. बाईंनी हात पाण्यात बुडवले. पाणी जसंच्या तसं. "निर्मळ!" बाबा म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग आला कोपऱ्यावरचा वाणी. हा गृहस्थ दरवर्षी दानात भोकाचे मोजे देतो हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. सेवकानं त्याचेही हात पुसले, त्यानं ते बुडवले, आणि बघता बघता पात्रातलं पाणी लाल होत गेलं.

वाण्याला घाम फुटला. त्यानं तिथल्या तिथे नव्या कोऱ्या ब्लँकेटांचा गठ्ठा कबूल केला, शिवाय बाबांच्या कुलूपबंद पेटीत शुद्धिदान टाकलं. तेव्हा कुठे बाबांनी चांदीच्या लोटीतून 'क्षमाजल' ओतलं. लाल पाणी पुन्हा नितळ! लोकांनी तोंडात बोटं घातली. वाणी तर रडलाच, आणि रडता रडता हसलाही.

तिसऱ्या रांगेत लाँड्रीवाली थोरली बसली होती. तिचे हात आधीच्या आठवड्यात 'निर्मळ' ठरले होते. त्या दिवसापासून तिच्या छातीवर बाबांच्या मंडळाचा पांढरा बिल्ला होता आणि मान अशी ताठ, की मागच्या बाईला व्यासपीठ दिसत नव्हतं.

थोरली आणि धाकटी या दोघी जावा. रस्त्याच्या तोंडाशी त्यांची लाँड्री होती, वरच्या मजल्यावर घर. वर्ष संपायला आलं, शाळांना सुट्ट्या लागल्या, दुकानांवर दिवे चढले की या रस्त्यावर गरम कपडे गोळा व्हायचे. अनाथाश्रमासाठी, रात्रनिवाऱ्यासाठी, पुलाखाली झोपणाऱ्यांसाठी. घराघरांतून गाठोडी लाँड्रीत यायची आणि इथून धुऊन, उसवलेलं शिवून, घड्या घालून बाहेर पडायची. ही प्रथा सासूबाईंची. त्या गेल्या तरी ती चालू राहिली, कारण धाकटी ती चालवत होती. यंदा मात्र हे दान बाबांच्या हॉलमार्फत जाणार होतं. थोरली काउंटरवर. कपडे घ्यायचे, पावती द्यायची, गिऱ्हाइकाशी चार शब्द गोड बोलायचे. मागे धाकटी. सोड्याच्या कढत टबात हात घालून दुनियेचा मळ काढायचा. थोरलीचे हात पावडर लावल्यासारखे कोरडे, धाकटीचे कोपरापर्यंत भेगाळलेले. याबद्दल कधी भांडण झालं नाही. धाकटी फारशी बोलतच नसे.

त्या दुपारीही ती टबावरूनच उठून आली. थोरलीनं निरोपावर निरोप धाडले होते. "सगळा रस्ता हात बुडवून गेला, आपल्याच घरातली राहिली तर लोक काय म्हणतील?" धाकटी धापा टाकत हॉलमध्ये शिरली, रांगेत उभी राहिली, आणि हातातलं काम अर्धं टाकून आलेल्या माणसाला जी घाई असते त्या घाईनं सेवकाच्या रुमालाची वाट न बघता सरळ पात्रात हात घालून मोकळी झाली.

पाणी लाल झालं. वाण्याच्या वेळी झालं होतं त्याहून कितीतरी गडद. तिच्या नखांतून, भेगांतून रंगाचे धागे सुटावेत तसं दिसत होतं.

क्षणभर बाबाही दचकले. सेवकाचा रुमाल खांद्यावरच होता आणि तो भांबावून बाबांकडे बघत होता. पण असली माणसं फार वेळ दचकत नाहीत, तो त्यांचा धंदाच असतो.

"बाई," बाबा हळुवारपणे म्हणाले, "दानाच्या कपड्यांना तुम्हीच हात लावता ना?"

"हो."

"मग पाणी काय म्हणतंय ते ऐका. कबूल करा आणि शुद्धिदान द्या."

धाकटीनं पाण्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "माझ्याकडून काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "जास्तीचं मी काही देणार नाही." आणि हात झटकून ती आल्या वाटेनं कामाला निघून गेली.

वाण्यानं मान तुकवली म्हणून तो सुटला. हिनं तुकवली नाही, म्हणून ही अडकली. हॉल रिकामा व्हायच्या आत लोकांची स्मरणशक्ती एकदम तल्लख झाली. आपण दिलेली निळी शाल आजवर एकाही गरिबाच्या अंगावर दिसली नाही, हे शिंपीणबाईंना आठवलं. कुणाला कोट आठवला, कुणाला मफलर. कपडा हरवल्याची तक्रार कधी कुणी केलेली नव्हती. पण पाणी लाल झालंय म्हणजे काहीतरी असणारच, आणि असणारच म्हटल्यावर शोधायला कितीसा वेळ लागतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका घरी आल्या. मॅनेजरीणबाई पुढे, शिंपीणबाई मागे, त्यांच्यामागे आणखी कितीतरी जणी. धाकटीचा नवरा ट्रक घेऊन परगावी गेलेला, थोरलीचा नवरा कपडे पोहोचवायला बाहेर.

"आमचा मेला संशय नाही हो," मॅनेजरीणबाई म्हणाल्या. "पण पाणीच तसं म्हणालं, आता काय करणार?"

"बघा की! खुशाल बघा," थोरली म्हणाली. "आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" छातीवर बिल्ला होता, असं म्हणणं भागच होतं. तिनं स्वतः धाकटीच्या खोलीत जाऊन पलंगाखालची ट्रंक ओढली आणि झाकण उघडलं. धाकटीला विचारलंही नाही. धाकटी दारात उभी होती, हातावर अजून फेस होता.

ट्रंकेत चादरी निघाल्या, जुने फोटो निघाले आणि सगळ्यांत खाली, कागदात गुंडाळलेला, बाळाचा पिवळा स्वेटर निघाला. नवाच्या नवा.

"अगं बाई!" मॅनेजरीणबाईंनी तो उचलून उजेडात धरला. "हा तर दानातला! माझ्या नातवाचा अस्साच होता. मीच दिला होता!"

धाकटीनं मॅनेजरीणबाईंकडे बघितलंही नाही. तिनं थोरलीकडे बघितलं.

थोरलीनं तो स्वेटर पहिल्या नजरेतच ओळखला होता. धाकटीला दिवस गेले होते तेव्हाचा तो. लोकर थोरलीनंच आणली होती. दोघी इस्त्रीच्या टेबलापाशी बसून विणायच्या, धाकटीची एक बाही, थोरलीची एक. थोरलीचा हात घट्ट, त्यामुळे तिची बाही जरा आखूड झाली होती. "बाळाचा एक हात लहान निघाला तर बरं," म्हणून धाकटी हसली होती. पुढे ते बाळ आलंच नाही. पुन्हा कधी आलं नाही. स्वेटरचं काय झालं हे थोरलीनं विचारलं नव्हतं, आणि आता तो समोर होता, एक बाही आखूड.

एक वाक्य पुरलं असतं. पण समोर बायका होत्या, छातीवर बिल्ला होता, आणि काल भर हॉलमध्ये पाणी बोललं होतं. पाण्याच्या विरुद्ध जायचं म्हणजे आपलेही हात संशयात.

"मला बाई..." थोरली म्हणाली, "नक्की आठवत नाही."

धाकटी दारातून बाजूला झाली. स्वेटर 'परत मिळालेलं दान' म्हणून वाजतगाजत हॉलकडे गेला. यंदा दानाच्या कपड्यांना लाल हातांनी शिवायचं नाही, असा निरोप संध्याकाळी मंडळाकडून आला. सकाळी धाकटीनं पिशवी भरली आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे निघून गेली. जाताना टबाखालचा गॅस बंद करून गेली.

त्या आठवड्यात पुन्हा बैठक होती. थोरलीला जाणं भागच होतं. बिल्लेवाल्यांनी पुन्हा हात बुडवून दाखवायचे असा बाबांचा दंडक. रात्रभर ती विचार करत राहिली होती, की पाण्याला सगळं कळतं, तर त्याला हेही कळेल. लाल होईल, आणि झालं तर बरंच होईल, आपण तिथेच सगळं सांगून टाकू. सेवकानं हात पुसले. तिनं डोळे मिटून ते बुडवले.

"निर्मळ!" बाबा म्हणाले. टाळ्या वाजल्या.

थोरलीला हायसं वाटलं. इतकं हायसं, की घरी येताना तिनं स्वतःची समजूतही घालून टाकली. पाण्यालासुद्धा वावगं वाटलं नाही, म्हणजे आपण तसं काही वाईट केलंच नसेल. खरंच आठवत नसेल आपल्याला. माणसाला स्वतःला माफ करायचं असलं की एवढंसं निमित्तही चालतं.

पण कपडे तर धुवायचेच होते. गाठोडी छताला लागली होती. थोरली पहिल्यांदाच मागे गेली, बाह्या सावरल्या आणि टबात हात घातले. पहिल्या दिवशी आग झाली, दुसऱ्या दिवशी बोटांना भेगा पडल्या, मग तळव्यांची सालं निघायला लागली. इतकी वर्षं धाकटी हे करत होती आणि संध्याकाळी काउंटरवर येऊन विचारायची, "ताई, थकलात का?" हे थोरलीला टबापाशी आठवत राहिलं. पण काम सोडलं नाही. आयुष्यात कधी केली नव्हती इतकी मेहनत तिनं त्या दिवसांत केली, आणि खरोखर गरिबांसाठी केली.

शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे घेऊन ती थेट टबावरूनच हॉलमध्ये गेली. गर्दी तुफान होती. सेवकानं बिल्ला बघितला, घाईघाईनं रुमाल नुसता फिरवला, आणि थोरलीनं निर्धास्तपणे हात पाण्यात घातले.

पाणी लाल झालं.

कुणीतरी किंचाळलं. थोरलीनं हात बाहेर काढले. बाबांनी एक पळभर डोळे मिटले आणि उघडले तेव्हा उत्तर तयार होतं. "पापाला पाठीशी घालणारा हातसुद्धा लाल होतो! घरातली चोरी हिला आधीपासून ठाऊक होती!"

"तरीच!" मॅनेजरीणबाई म्हणाल्या. काल-परवापर्यंत या दोघी शेजारी बसत होत्या.

थोरलीला वाटलं, बरोबर आहे. पाण्याला कळलं, उशिरा का होईना, कळलं. ती गुडघ्यांवर बसायच्या बेतात होती. आणि मग तिच्या मनात एक विचार आला. अगदी साधा, काउंटरवर बसून हिशेबाची चूक लक्षात यावी तसा.

त्या बायकांसमोर मी खोटं बोलले, त्यानंतर लगेच इथे आले होते. खोटं अजून तोंडातच होतं. तेव्हा पाणी म्हणालं, निर्मळ. नंतर मी काय केलं? मरमर राबले. आणि आज पाणी म्हणतंय, पापी. मी काय केलंय ते या हॉलमध्ये कुणालाही माहीत नाही, मला माहीत आहे. आणि या पाण्याला माहीत नाही. याला काहीच कळत नाही. मग त्या दिवशी धाकटीबद्दल तरी काय कळलं होतं?

ती मागे वळली. शुद्धिदान न देता, लाल पाणी तसंच टाकून, धाकटी गेली होती त्याच वाटेनं बाहेर पडली. लोक बाजूला झाले, कुणी तिला धक्का लागू दिला नाही. आपण धाकटीला असंच जाऊ दिलं होतं, हे तिला दारापर्यंत पोहोचेस्तोवर पुरतं जाणवलं.

शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. रस्ता त्यांना प्रयोगमास्तर म्हणायचा. त्यांच्या कपड्यांवर नेहमी कसले ना कसले डाग, म्हणून थोरलीशी ओळख. दारातच तिनं सगळं सांगितलं. स्वेटरचं सोडून.

"हात टबातून काढून तशाच गेलात?" मास्तरांनी विचारलं. "टबात काय असतं?"

"धुण्याचा सोडा. दुसरं काय असणार?"

मास्तर हसले, आणि मग एकदम गंभीर झाले. आत जाऊन त्यांनी एक बाटली आणली, कपभर पाण्यात चार थेंब टाकले. पाणी नितळच राहिलं. "फिनॉल्फ्थॅलिन," ते म्हणाले. "नाव अवघड आहे, काम सोपं. साध्या पाण्यात याला रंग नाही. सोडा, चुना, साबण, असं काही भेटलं की हे लाल होतं. शाळेत आम्ही दरवर्षी करतो. बुडवा बोट."

थोरलीनं बोट बुडवलं. कप लाल झाला. मास्तरांनी स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणून थोडंसं ओतलं. कप पुन्हा नितळ.

"हे तुमचं क्षमाजल. आणि ज्यांना सोडा शिवलेला नाही त्यांचं पाणी लाल कसं होतं? काहीतरी लावत असणार हाताला."

"रुमाल," थोरली म्हणाली. एकदम तिच्या डोळ्यांसमोर सेवक उभा राहिला. "दोन रुमाल असतात त्याच्याकडे. दोन खांद्यांवर दोन. मी गाठोडं घेऊन जाते, मला नेहमी उजव्या खांद्यावरच्या रुमालानं पुसलं. वाणी रिकाम्या हातानं आला होता, त्याला डाव्या."

"म्हणजे रिकाम्या हातानं येणाऱ्याला डावा, गाठोडं आणणाऱ्याला उजवा. वाण्याला घाबरवलं की तो ब्लँकेट देतो, शिवाय पेटीत टाकतो. बाबा सगळं ठरवून करतो. तुमची जाऊबाई मात्र त्याच्या हिशेबात नव्हती. तिचं पाणी आपोआप लाल झालं, कारण गावभरचे कपडे धुणारे हात होते ते." मास्तर थांबले. "मला कळलं होतं हॉलमध्ये काय चाललंय ते. मी हसून सोडून दिलं. चार मूर्ख जमलेत, जमू देत, म्हटलं. मी त्याच दिवशी आलो असतो तर..."

थोरलीला त्यांची लाज कळली, पण आपल्याइतकी ती कुणालाच वाटत नसणार, असंही तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेवटची बैठक. मास्तर रांगेत उभे राहिले, रिकाम्या हातांनी. सेवकानं आपल्या डाव्या खांद्यावरच्या रुमालाला हात घातला.

"तो नको," मास्तर म्हणाले. "उजवा द्या."

सेवकाची नजर बाबांकडे गेली. "रुमाल कुठलाही असो," बाबा म्हणाले, "फरक मनात असतो."

"मग उजवाच द्या की!" मागून वाणी ओरडला. त्याला आपली ब्लँकेटं आठवत होती. हॉलमध्ये हशा पिकला, आणि सेवकाचा नाइलाज झाला. मास्तरांचं पाणी नितळ राहिलं. मग त्यांनीच हात पुढे करून डाव्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, एक टोक पात्रात बुडवलं, आणि पाणी लालभडक झालं.

"या रुमालानं कसलं पाप केलं?" मास्तरांनी विचारलं.

पुढचं फार लवकर झालं. मास्तरांनी लोटीतलं क्षमाजल वाण्याच्या तळहातावर ओतलं. वाण्यानं चाखलं. "आंबट! अहो, हे तर व्हिनेगर! माझ्याच दुकानातलं!" मास्तरांनी सगळं समजावलं, रस्त्यावरच्या शाळकरी मुलींना पुढे बोलावून त्यांच्याकडूनच पाणी लाल करवलं आणि नितळ करवलं. "विज्ञान जिथे संपतं तिथे श्रद्धा सुरू होते," असं काहीसं बाबा म्हणत होते, पण मऊ आवाजाचा एक तोटा असतो, गोंगाटात तो ऐकू येत नाही. पेटी घेऊन सेवक मागच्या दाराकडे सरकला तेव्हा शिंपीणबाईंनी त्याची कॉलर धरली.

"फसवलं आम्हाला!" मॅनेजरीणबाई म्हणाल्या. "गरिबांच्या नावावर फसवलं! आमच्यासारख्या साध्या माणसांना!" सगळ्यांनी माना डोलावल्या. चीड होती, आणि त्या चिडीत सुटल्याचा आनंदही होता. दोष पूर्णपणे दुसऱ्याचा आहे हे कळलं की माणसाला किती मोकळं वाटतं! थोरलीनं तो मोकळेपणा चेहऱ्याचेहऱ्यावर बघितला. गप्प राहिली असती तर तोच तिच्याही वाट्याला आला असता.

ती व्यासपीठावर चढली. छातीवरचा बिल्ला काढून पात्राशेजारी ठेवला.

"पाणी यांनी रंगवलं," ती म्हणाली. "पण माझ्या जावेची ट्रंक यांनी नाही उघडली. ती मी उघडली. आणि तो पिवळा स्वेटर दानातला नव्हता. तो तिचा होता. तिच्या बाळाचा. त्याची एक बाही मी विणलीय. मला तेव्हाच ओळखू आला होता. मी म्हटलं, आठवत नाही. खोटं बोलले."

मॅनेजरीणबाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या नातवाचा स्वेटर मुळात पिवळा होता का, हे त्यांना विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्यांचा चेहराच सांगत होता. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांतून स्वेटर शोधून शिंपीणबाईंनी तो थोरलीच्या हातात दिला, तिच्याकडे न बघता.

धाकटीचा भाऊ एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायचा. खालून यंत्रांची धडधड चालू होती. दार धाकटीनंच उघडलं. थोरलीनं स्वेटर पुढे केला, तिनं घेतला, बाही सरळ केली. मग थोरलीनं सगळं सांगितलं, औषध, रुमाल, व्हिनेगर, मास्तर. "सगळ्यांसमोर सिद्ध झालं गं," ती म्हणाली. "तुझ्यावरचा डाग पुसला. पाणी खोटं होतं."

"म्हणजे त्या दिवशी बाबाच्या पाण्यानं मी चोर ठरले," धाकटी म्हणाली, "आणि आज मास्तरांच्या पाण्यानं साव."

थोरलीनं आपले भेगाळलेले हात पाठीमागे घेतले.

"मास्तरांना ते औषध माहीत नसतं तर, ताई? माझा हात दुसऱ्याच कशानं लाल झाला असता, आणि तो कशानं झाला हे कुणालाच सांगता आलं नसतं तर? मग मी आयुष्यभर चोरच?"

"माझं चुकलं. हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं मी. स्वेटरचंही सांगितलं."

"बरं केलंत." धाकटी दारातून हलली नाही. "पण मला अजून कुणी विचारलेलं नाही. बाबानं म्हटलं कबूल कर. बायका म्हणाल्या दाखव. मंडळानं सांगितलं शिवू नकोस. तुम्ही ट्रंक उघडलीत. विचारलं कुणीच नाही. एकाच घरात राहतो आपण, सकाळ-संध्याकाळ एका टेबलावर जेवतो. तुम्ही तरी विचारायचं."

थोरलीनं मान खाली घातली. खालची यंत्रं मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"आत्ता विचारू?" ती म्हणाली.

"विचारा."

थोरलीनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिनं धाकटीच्या डोळ्यांत इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं. "दानातलं तू कधी काही घेतलंस का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

संपलं. एवढाच तपास होता. त्याला पात्र लागलं नाही, बाबा लागला नाही, खरं म्हणजे मास्तरही लागले नाहीत. माणसाला विचारायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, आणि त्यानंतरही शंका उरली तर पुरावा बघायचा. कपडा गेलाय का, कुणाचा, कधी, हे पडताळायचं. हा क्रम आपण उलटा केला की कुठल्याही भोंदूला पाण्यात दोन थेंब टाकण्यापलीकडे काही करावं लागत नाही. बाकीचं काम आपणच करतो आणि वर टाळ्याही वाजवतो. तो बाबा गेला, पण असले बाबा येत राहतील, त्यांची पात्रं वेगळी असतील आणि औषधं मास्तरांनाही ठाऊक नसतील. तेव्हा निदान एवढं तरी करा. कुणाचे हात लाल दिसले तर आधी त्याला विचारा, हात कसल्या कामातून काढून आलास.

धाकटी त्या दिवशी थोरलीबरोबर परत आली नाही. सुट्ट्या संपल्यावर बघू, म्हणाली. थोरलीनं आग्रह केला नाही. ती एकटीच लाँड्रीत आली, मागे गेली आणि उरलेल्या गाठोड्यांसाठी टबाखालचा गॅस पेटवला.